नखावर मुरणारा रंग आणि नखावर बसणारा रंग

७ मे २०२४ रोजी बेळगाव आणि चिकोडी या लोकसभा मतदारसंघांत मतदान झाले. त्या दिवशी केंद्रावरच्या कर्मचाऱ्याने माझ्या डाव्या तर्जनीवर नखाच्या टोकापासून बोटाच्या पहिल्या सांध्यापर्यंत शाईची एक रेघ ओढली. दोन आठवड्यांत कातडीवरची रेघ पुसट होऊन गेली, पण नखावरची तशीच राहिली. जून उजाडून पावसाला सुरुवात झाली तेव्हा त्या काळ्या खुणेच्या खाली, नखाच्या मुळाशी, स्वच्छ गुलाबी पट्टी दिसू लागली होती आणि ती दर आठवड्याला थोडी रुंद होत होती. ७ सप्टेंबरला गणेश चतुर्थी आली तेव्हा खुणेची फक्त टोकाची किनार शिल्लक होती आणि गौरी येण्याच्या आदल्या दिवशी ती नेलकटरने निघून गेली. साबण, चिंच, लिंबू, भांडी घासायची पावडर यांपैकी कशानेही न गेलेला रंग शेवटी गेला तो केवळ नख पुढे सरकले म्हणून.

नखे रंगवण्याचा सगळा इतिहास आणि त्यामागचे सगळे रसायनशास्त्र समजून घ्यायला ही एक रेघ पुरेशी आहे, असे मला वाटते. नखावर रंग दोनच प्रकारे राहू शकतो. एक तर तो नखाच्या पदार्थात शिरून तिथेच पक्का होतो, म्हणजे मुरतो. नाही तर तो नखाच्या पृष्ठभागावर पातळ पापुद्र्यासारखा चिकटून राहतो, म्हणजे बसतो. मेंदी, तेरडा आणि मतदानाची शाई हे मुरणारे रंग आहेत. नेलपॉलिश, जेल आणि ॲक्रिलिकची नखे हे बसणारे थर आहेत. रंग किती दिवस टिकेल, कशाने निघेल, त्याचा त्रास कुठे होईल आणि तो लावलेल्या हाताने कोणते काम करता येईल, या सगळ्या प्रश्नांची उत्तरे या एका फरकातून मिळतात.

त्यासाठी आधी नख म्हणजे काय ते नीट पाहिले पाहिजे. आपल्याला जे दिसते ते नखाचे पाते मृत पेशींचे बनलेले असते. केस आणि जनावरांची शिंगे ज्या केरॅटिन नावाच्या प्रथिनाची बनतात, त्याच प्रथिनाने या पेशी गच्च भरलेल्या असतात आणि चपट्या होऊन एकमेकींवर कौलांसारख्या रचलेल्या असतात. हे पाते जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असते. त्याचा जिवंत कारखाना मात्र मुळाशी, कातडीच्या घडीखाली दडलेला असतो. अंगठ्याच्या नखाच्या तळाशी जी फिकट पांढरी चंद्रकोर दिसते, ती या कारखान्याचीच बाहेर डोकावणारी कड आहे. तिथे नव्या पेशी तयार होतात, जुन्यांना पुढे ढकलतात आणि त्या पुढे सरकता सरकता कडक होऊन मरतात. हाताचे नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढते, म्हणून मुळापासून टोकापर्यंत पूर्ण नवे नख यायला सुमारे सहा महिने लागतात. पायाच्या अंगठ्याला त्यासाठी वर्ष ते दीड वर्ष लागते. मधल्या बोटाचे नख सर्वांत भराभर वाढते, तर अंगठ्याचे आणि करंगळीचे त्या मानाने सावकाश. माझ्या तर्जनीवरची रेघ चार महिन्यांत सुमारे बारा मिलिमीटर पुढे गेली, हा हिशोब या आकड्यांशी चोख जुळतो.

यातून एक गैरसमज आपोआप दूर होतो. ‘नखांना अधूनमधून श्वास घेऊ द्यावा, सारखे रंगवू नये,’ असे पुष्कळ जणी सांगतात. नखाचे पाते मृत असल्यामुळे ते श्वास घेत नाही. त्याला लागणारे सगळे पोषण मुळाशी रक्तातून मिळते. तरीही नखातून पाणी मात्र सहज ये-जा करते, आणि कातडीपेक्षाही कितीतरी जास्त करते. पाण्यात राहिलेले नख पाणी पिऊन फुगते आणि मऊ होते, आणि वाळले की पुन्हा आकसते. जुलै महिन्यात बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात भाताची रोपलावण करणाऱ्या बायकांची बोटे एकदा जवळून पाहावीत. दिवसभर चिखलात राहिल्याने नखे पुठ्ठ्यासारखी लवचीक झालेली असतात, कडेची कातडी पांढरी पडून सुटलेली असते, आणि तिथून जंतू शिरले की नखुर्डे होते. नख ही पाणी पिणारी वस्तू आहे, ही गोष्ट पुढे नेलपॉलिशच्या बाबतीतही उपयोगी पडणार आहे.

आता त्या शाईकडे वळू. ती कर्नाटकातच, म्हैसूरमध्ये तयार होते. म्हैसूरचे महाराज नाल्वडी कृष्णराज वडेयर यांच्या काळात १९३७ साली तिथे ‘म्हैसूर लॅक अँड पेंट वर्क्स’ हा कारखाना सुरू झाला. नावाप्रमाणे त्याचे मूळ काम लाखेचे आणि रंगाचे होते. आज तो ‘म्हैसूर पेंट्स अँड व्हार्निश’ या नावाने राज्य सरकारच्या मालकीचा आहे. १९६२ च्या लोकसभा निवडणुकीपासून देशभर त्याची शाई वापरली जाते आणि ती परदेशांतही पाठवली जाते. या शाईत सिल्व्हर नायट्रेट असते. ते नखात आणि कातडीत शिरते, तिथल्या क्षाराशी त्याचा संयोग होतो आणि उजेड लागला की त्यातली चांदी अतिशय बारीक काळ्या कणांच्या रूपाने जागच्या जागी साचते. हे कण पाण्यात विरघळत नाहीत. कातडी आपल्या वरच्या पेशी दोन-तीन आठवड्यांत टाकून देते म्हणून तिथला डाग जातो. नख पेशी टाकत नाही, फक्त पुढे ढकलते, म्हणून तिथला डाग महिनोन्‌महिने राहतो. २००६ पासून शाई ठिपक्याऐवजी नखाच्या टोकापासून रेघेने लावली जाते.

मेंदीचे काम याच धर्तीवर, पण वेगळ्या रसायनाने चालते. आपल्याकडे मराठी घरात जिला मेंदी म्हणतात तिला शेजारच्या कन्नड घरात मदरंगी किंवा गोरंटी म्हणतात. बेळगावच्या खडे बाजारात सामान घेताना हे शब्द माहीत असलेले बरे, कारण मराठीतली कोरांटी म्हणजे निराळेच फुलझाड आहे. मेंदीच्या पानात लॉसोन नावाचे नारिंगी-तांबडे द्रव्य असते. सुक्या पानाच्या वजनात त्याचे प्रमाण एक ते दोन टक्क्यांच्या आसपास असते. पाने वाटली आणि त्यात लिंबाचा रस किंवा आंबट काही घातले की हे द्रव्य मोकळे होऊन बाहेर पडते. आंबटपणामुळे ते लगेच बिघडत नाही आणि लगद्यात हळूहळू सुटत राहते. नखाला लावल्यावर ते वरच्या थरांत झिरपते आणि तिथल्या केरॅटिनशी थेट रासायनिक बंध बांधते. मेंदी काढल्यावर रंग आधी नारिंगी दिसतो आणि पुढच्या एक-दोन दिवसांत हवेतल्या ऑक्सिजनमुळे गडद होत जातो. म्हणून लग्नाची मेंदी लग्नाच्या दिवशी सकाळी न काढता एक-दोन दिवस आधी काढतात.

हळद आणि मेंदी यांची तुलना केली की बंध बांधणे म्हणजे काय ते लगेच समजते. हळदीच्या कार्यक्रमानंतर नवरा-नवरीची नखे पिवळीधमक होतात, पण हळदीतले कर्क्युमिन केरॅटिनशी असा पक्का बंध बांधत नाही आणि उन्हाने ते विटते, त्यामुळे चार-आठ दिवसांत नखे पूर्ववत होतात. पिवळ्या नखावर साबण घासला तर क्षणभर तांबडी झाक दिसते, कारण क्षारधर्मी पदार्थाच्या संगतीत कर्क्युमिनचा रंग बदलतो. कुंकू करण्याची जुनी रीतही हळदीच्या याच गुणावर आधारलेली होती. मेंदीच्या नखाला मात्र साबणाने काही होत नाही. नवरीच्या तळहातावरची नक्षी दोन-तीन आठवड्यांत जाते; नखांवर तांबूस अर्धचंद्र पुढचे चार-पाच महिने सरकत राहतो आणि तिच्या लग्नाला किती दिवस झाले, हे जाणत्या बाईला नखावरून ओळखता येते.

एका गोष्टीबद्दल इथेच स्पष्टपणे सांगायला हवे. ‘काळी मेंदी’ म्हणून जे विकले जाते ते मेंदीचे पान नव्हे. कोणत्याही मेंदीच्या पानातून अर्ध्या तासात कोळशासारखा काळा रंग येत नाही. तसा रंग येण्यासाठी त्यात पीपीडी हे केसांच्या कलपातले रसायन मिसळलेले असते. त्याने कातडीवर फोड येऊ शकतात, आणि एकदा त्याची ॲलर्जी झाली की पुढे कलप लावतानाही तोच त्रास उद्भवतो. लहान मुलींच्या हातांना ती कधीही लावू नये.

मुरणाऱ्या रंगांपैकी मला सर्वांत जवळचा आहे तो तेरडा. श्रावण-भाद्रपदात जांबोटी-कणकुंबीकडच्या रस्त्यांच्या कडेला आणि परसांत तो दाट फुलतो, आणि गौरीच्या पूजेला तो लागतोच. आमच्या खानापूरच्या घरी आज्जी गौरी जेवल्यानंतरच्या रात्री उरलेल्या तेरड्याच्या पाकळ्या आणि कोवळी पाने पाट्यावर वाटायची. त्यात तुरटीचा हरभऱ्याएवढा खडा कुटून घालायची. त्या गोळ्याचा चिमूटभर भाग ती आमच्या प्रत्येक नखावर दाबून बसवायची, वर तेरड्याचेच पान गुंडाळायची आणि वातीच्या सुताने बांधायची. त्या दहा हिरव्या टोप्या घालून रात्रभर हात उशीच्या वर ठेवून झोपायचे. सकाळी सूत सोडले की नखे आणि त्यांच्या कडेची कातडीही केशरी झालेली असायची. कातडीवरचा रंग पाहून मी रडले, तेव्हा ती म्हणाली होती, ‘‘कातडीचं जातंय गं चार दिवसांत. नखाचा रंग धुवून जायचा नाही, नख वाढूनच जायचा बघ.’’ तिने शाळेचे तोंड पाहिले नव्हते, पण मुरलेल्या रंगाची याहून नेमकी व्याख्या मला अजून कुठे मिळालेली नाही.

तेरड्याच्या झाडात मेंदीतले तेच लॉसोन आणि त्याच्या जातकुळीतली आणखी द्रव्ये असतात. पाकळी लाल असो, गुलाबी असो की पांढरी, नखावर उमटणारा रंग केशरीच येतो, कारण तो पाकळीच्या दिसणाऱ्या रंगातून येत नाही. तुरटीतले ॲल्युमिनियम रंगाला धरून ठेवायला मदत करते. कापड रंगवणारेही तुरटी त्याच कामासाठी वापरत आले आहेत. मराठीत ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ अशी म्हण आहे आणि फुलाच्या बाबतीत ती खरीच आहे. नखाच्या बाबतीत मात्र तेरड्याचा रंग चार महिने टिकतो. कोरियात याच झाडाच्या फुलांनी, याच तुरटीने आणि अशाच पानाच्या व दोऱ्याच्या बांधणीने मुली नखे रंगवत आल्या आहेत. उन्हाळ्यात लावलेला रंग पहिला बर्फ पडेपर्यंत नखावर टिकला तर पहिले प्रेम सफल होते, अशी तिथली समजूत आहे. कोरिया कुठे आणि खानापूर कुठे, पण झाड तेच, खनिज तेच आणि नख वाढायचा वेगही तोच. तेव्हा रीतही सारखी निघावी, याचा मला फार आनंद वाटतो.

मुरणे आणि बसणे यांतला फरक आमच्या गावातल्या मुसलमान शेजारणींना कोणत्याही पुस्तकाशिवाय माहीत असतो. नमाजाच्या आधी वजू करताना, म्हणजे हातपाय-तोंड धुताना, पाणी नखापर्यंत पोहोचले पाहिजे. नेलपॉलिशचा थर पाणी अडवतो, म्हणून वजूआधी तो काढावा लागतो. मेंदीचा थर नसतोच, केवळ रंग असतो, म्हणून मेंदी लावलेल्या हातांनी वजू करायला अडचण नसते. ईदच्या आदल्या रात्री मेंदीला जो मान असतो, त्यामागे हौसेबरोबर ही सोयही आहे.

नखांची निगा हा विषय आपल्याकडे फार जुना आहे. छांदोग्य उपनिषदात एक नखे काढायचे हत्यार ओळखले की सगळे लोखंड ओळखल्यासारखे होते, असा दृष्टांत येतो. म्हणजे त्या काळी लोखंडी नखकापणी इतकी घरोघरची वस्तू असली पाहिजे की तिचे उदाहरण शिष्याला सहज कळावे. न्हाव्याच्या पेटीतली नराणी ही तिचीच वंशज. चरकसंहितेत पंधरवड्यातून तीनदा नखे काढावीत असा नियम दिलेला आहे. साधारण तिसऱ्या शतकाच्या आसपासच्या वात्स्यायनाने कामसूत्रात चांगल्या नखांचे गुण सांगितले आहेत: ती सारखी, उजळ, स्वच्छ, न फाटलेली, वाढणारी, मऊ आणि तुकतुकीत दिसणारी असावीत. त्यापुढे तो प्रदेशांनुसार नखांचे वर्णन करतो, आणि सीमाभागातल्या माणसाने ते अवश्य वाचावे असे आहे. गौड देशातल्या, म्हणजे बंगालकडच्या, लोकांची नखे लांब आणि हाताला शोभा देणारी असतात, दाक्षिणात्यांची आखूड आणि ‘कर्मसहिष्णू’ म्हणजे काम सोसणारी असतात, आणि महाराष्ट्रातल्या लोकांची मध्यम, दोन्हींचे गुण असलेली असतात, असे तो म्हणतो.

बेळगाव जिल्हा यांतल्या शेवटच्या दोन वर्णनांच्या नेमक्या मधोमध पडतो. इथली नखे पाहिली की ‘कर्मसहिष्णू’ हा शब्द किती अचूक आहे ते पटते. निपाणीत विड्या वळणाऱ्या बायकांना विडीचे तोंड दुमडून बंद करायला थोडे नख लागते, पण ते फार वाढले तर पान फाटते. वडगाव-शहापूरच्या मागावर तुटलेला धागा सांधताना नखाची कड उपयोगी पडते, पण तिला खरखर असली तर ताणा अडकतो. लग्नाच्या रुखवतासाठी नखुल्या करताना कणकेची बारीक गोळी नखावर दाबून तिला नखाचा बाक द्यावा लागतो. ज्या पदार्थाचे नावच नखावरून पडले, त्यासाठी नख असावेही लागते आणि आखूडही असावे लागते. याच्या उलट टोकाला चीनच्या चिंग राजघराण्यातली रीत होती. तिथल्या उच्चकुलीन स्त्रिया नखे बोटभर वाढवत आणि ती मोडू नयेत म्हणून सोन्याचांदीची, जडावाची किंवा मिन्याच्या कामाची टोपणे घालत. १९०८ साली वारलेल्या राजमाता त्सशी यांच्या छायाचित्रांत ही टोपणे स्पष्ट दिसतात. असे नख असलेला हात स्वतः पाणीही भरू शकत नाही, आणि तेच त्या नखाने जगाला सांगायचे असते. नखांची सजावट ही सर्वत्र थोडीफार कामाची आणि हुद्द्याची खूण राहिली आहे.

बसणाऱ्या थरांचा इतिहास त्या मानाने अगदी अलीकडचा आहे आणि त्याचा उगम स्फोटकात आहे. १८४६ साली क्रिस्तियान शोनबाइन या रसायनशास्त्रज्ञाने कापसावर नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लांची क्रिया करून नायट्रोसेल्युलोज तयार केले. ते बंदुकीच्या दारूपेक्षा जोरकस होते. त्याचाच सौम्य प्रकार द्रावकात विरघळवला आणि पातळ पसरून वाळू दिला, तर काचेसारखा चकचकीत, लवचीक पापुद्रा तयार होतो, असे पुढे दिसून आले. जुन्या सिनेमाच्या फिती त्याच्याच असत. १९२० च्या दशकात अमेरिकेत मोटारींना जो झटपट वाळणारा रंग मिळाला, तोही त्याचाच होता. ड्यूपाँ कंपनीने तो ‘ड्यूको’ या नावाने १९२३ साली आणला, आणि आपल्याकडे सुतार आणि रंगारी आजही कपाटाला ‘ड्यूको’ मारायचा म्हणतात, तो शब्द तिथूनच आला. नेलपॉलिश हा या ड्यूकोचा सख्खा भाऊ आहे. १९१७ च्या सुमारास ‘क्युटेक्स’चे द्रवरूप पॉलिश अमेरिकेत विकले जाऊ लागले, पण ते पारदर्शक आणि फिकट होते. १९३२ साली स्थापन झालेल्या ‘रेव्हलॉन’ने रंगद्रव्य भरलेले, नख पूर्ण झाकणारे दाट पॉलिश आणले आणि तिथून लाल नखांचे युग सुरू झाले. आपल्या देशात १९५२ साली टाटांच्या तेल गिरणीच्या कंपनीतून ‘लॅक्मे’ निघाली आणि नेलपॉलिशची बाटली हळूहळू तालुक्याच्या बांगड्यांच्या दुकानापर्यंत पोहोचली.

त्या बाटलीत मुख्यतः चार प्रकारच्या वस्तू असतात. नायट्रोसेल्युलोज पापुद्रा बनवते. राळेसारखा एखादा पदार्थ त्याला नखाला धरून ठेवतो आणि चकाकी देतो. कापरासारखे मऊपणा देणारे द्रव्य त्याला ठिसूळ होऊ देत नाही. आणि एथिल व ब्युटिल ॲसिटेटसारखी उडून जाणारी द्रावके हे सगळे पातळ ठेवतात. फळासारखा जो उग्र वास येतो तो या द्रावकांचा. रंगद्रव्य जड असल्याने तळाशी बसू नये म्हणून त्यात विशिष्ट माती मिसळलेली असते, जिच्यामुळे पॉलिश हलवले की पातळ होते आणि स्थिर राहिले की दाट होते. हलवताना खुळखुळणाऱ्या स्टीलच्या गोळ्यांचे कामही तेच. आधी मऊपणासाठी वापरले जाणारे डायब्युटिल थॅलेट युरोपीय संघाने २००४ साली सौंदर्यप्रसाधनांतून बंद केले. बाटली घेताना त्यात ते, टोल्युइन आणि फॉर्माल्डिहाइड नाही असे लिहिले आहे का, हे पाहण्याची सवय चांगली. आणि घटक पाहता, पेटत्या गॅसजवळ किंवा देव्हाऱ्यातल्या समईजवळ बसून नेलपॉलिश लावू नये, हे वेगळे सांगायला नको.

नेलपॉलिश दोन दिवसांत सुटते ही तक्रार मी सतत ऐकते. बहुतेक वेळा दोष बाटलीत नसतो. भांडी घासून, कपडे धुऊन किंवा आंघोळ करून लगेच रंग लावला जातो, तेव्हा नख पाणी पिऊन फुगलेले असते. तासाभरात ते आकसते आणि वरचा पापुद्रा आकसत नाही, म्हणून तो कडेने सुटतो. हात कोरडे होऊन तासभर तरी जाऊ द्यावा. मग नखावरून रिमूव्हरचा बोळा एकदा फिरवून तेलकटपणा काढावा, कारण खोबरेल किंवा फोडणीच्या तेलाचा अंशही रंगाला धरू देत नाही. आधी रंगहीन बेस कोट लावावा, नाही तर लाल रंगातली काही द्रव्ये नखात मुरतात आणि नखे पिवळी दिसू लागतात. म्हणजे बसवलेला रंगही थोडासा मुरतोच. त्यानंतर दोन पातळ थर द्यावेत. एक जाड थर वरून वाळतो आणि आतून ओला राहतो. ब्रश नखाच्या टोकाच्या कडेवरूनही फिरवावा, कारण पापुद्रा पहिल्यांदा तिथूनच उचलला जातो. नखाच्या मुळाशी असलेली कातडीची बारीक किनार मात्र कापू नये. ती नख आणि कातडी यांमधली फट बंद ठेवणारी खिट्टी आहे. ती कापली की नखुर्ड्याला वाट मोकळी होते.

जेल आणि ॲक्रिलिक हे थर याहून निराळे आहेत आणि त्यांच्याबद्दल माहिती कमी असल्यानेच त्यांचा त्रास जास्त होतो. साधे नेलपॉलिश वाळते, म्हणजे त्यातले द्रावक उडून जाते आणि उरलेला पदार्थ तसाच राहतो. म्हणून रिमूव्हर लावले की तो पुन्हा विरघळतो. जेल वाळत नाही. त्यातले लहान लहान रेणू दिव्याच्या अतिनील किंवा जांभळ्या उजेडाने चेतवले जातात आणि एकमेकांना साखळीने जोडून एक घट्ट जाळे बनवतात. हे जाळे विरघळत नाही, फक्त ॲसिटोनमध्ये दहा-पंधरा मिनिटे भिजवले की फुगून सैल होते. ॲक्रिलिकमध्ये हेच काम दिव्याशिवाय, भुकटी आणि द्रव मिसळून केले जाते. दात बसवताना दंतवैद्य ज्या जातीचे पदार्थ वापरतात त्याच जातीचे ते असतात. या प्रकाराच्या जुन्या नखांत मिथाइल मेथाक्रिलेट वापरत. ते इतके कडक होई की नख अडकले तर वरचा थर न मोडता खालचे खरे नखच उचकटे. आता त्याऐवजी एथिल मेथाक्रिलेट वापरले जाते.

माझ्या भाचीने तिच्या लग्नाआधी शहरातल्या एका दुकानात जेलची नखे करून घेतली. लावणाऱ्या मुलीचे हात कुशल होते आणि रंग सुंदर आला होता. तीन आठवड्यांनी काढताना मात्र घाईच्या गर्दीत ॲसिटोनमध्ये पुरेसे भिजवलेच नाही. जेल कडेने उचलून ओढून काढले. नखाचे वरचे थर त्याच्याबरोबर सोलून आले. ती नखे कागदासारखी पातळ, पांढऱ्या चट्ट्यांची झाली, आणि गरम भाकरी थापताना तिच्या बोटांची आग होई. जेल काढायला वेळ लागतोच. वर घासणीने चकाकी उतरवायची, ॲसिटोनचा बोळा ठेवून फॉइल गुंडाळायची, पंधरा मिनिटे थांबायचे आणि मऊ झालेले जेल लाकडी काडीने हलकेच सारायचे. हलत नसेल तर पुन्हा गुंडाळायचे. एवढा वेळ द्यायला दुकान तयार नसेल तर तिथे जेल लावूनच घेऊ नये.

दुसरा धोका ॲलर्जीचा. जेलमधले न जुळलेले रेणू, विशेषतः हेमा नावाचे मेथाक्रिलेट, कातडीला पुन्हा पुन्हा लागले तर शरीर त्यांच्याविरुद्ध उठते. नखाभोवती खाज, लाली, भेगा येतात, कधी नख सुटते. ही ॲलर्जी सहसा जन्मभर राहते आणि पुढे दातात भरण्याच्या पदार्थांनीही त्रास होऊ शकतो. म्हणून घरी ऑनलाइन मागवलेला किट आणि त्याबरोबर आलेला लहानसा दिवा वापरताना जेल कातडीवर सांडू न देणे आणि प्रत्येक थर सांगितलेला पूर्ण वेळ दिव्याखाली धरणे, हे हौसेपेक्षा महत्त्वाचे आहे. जेलमध्ये उजेडाने चेतणारे टीपीओ हे द्रव्य युरोपीय संघाने १ सप्टेंबर २०२५ पासून सौंदर्यप्रसाधनांत बंद केले आहे. आपल्याकडे किट घेताना घटकांच्या यादीत ते पाहून घ्यावे. पावसाळ्यात आणखी एक काळजी घ्यावी लागते. कृत्रिम नख कडेने सुटले की त्या फटीत पाणी साचते आणि स्युडोमोनास जातीचे जिवाणू वाढून नख हिरवट होते. तो डाग झाकायला वर नवा रंग लावला तर आतला ओलावा तसाच कोंडून राहतो.

दवाखान्यात परिचारिका रंग काढायला सांगतात तेव्हा बऱ्याच जणींना राग येतो. बोटाला लावायचा ऑक्सिजनचा चिमटा नखातून उजेड पाठवून मोजणी करतो आणि गडद नेलपॉलिशने ती चुकू शकते. भूल देणाऱ्या डॉक्टरांना नखाखालचा गुलाबी किंवा निळसर रंगही डोळ्यांनी पाहायचा असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या हातांच्या स्वच्छतेच्या सूचनांत रुग्णसेवा करणाऱ्यांनी कृत्रिम नखे लावू नयेत आणि नखे अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा आखूड ठेवावीत असे सांगितले आहे, कारण अशा नखांखाली हात धुतल्यावरही जंतू जास्त राहतात. जिला रोज कणीक मळायची आहे, तान्ह्या बाळाचे अंग धुवायचे आहे, तिने हाच नियम घरीही पाळावा असे मी सांगेन. अशा हातांना मेंदी आणि तेरडा बिनघोर चालतात, कारण त्यांना थर नसतो, कड नसते आणि फटही नसते.

भाचीच्या सोललेल्या नखांवर कोणते तेल लावावे, कोणती गोळी घ्यावी, असे तिने मला विचारले. नखाचे पाते मृत असल्यामुळे ते भरून येत नाही. तेलाने फक्त त्यातला ओलावा टिकतो आणि नख तडकत नाही. म्हणून आम्ही नखे आखूड ठेवली, भांडी घासताना रबरी हातमोजे घातले आणि रात्री खोबरेल लावले. दीड महिन्याने मुळाशी दाट, तुकतुकीत नख दिसू लागले आणि जुन्या पातळ भागाची सीमा नखावर आडव्या रेघेसारखी उमटली. ती रेघ महिन्याला तीन मिलिमीटर या वेगाने पुढे गेली. तेरडा फुलला तेव्हा ती टोकाशी आली होती, आणि गौरीच्या दिवशी सकाळी तिने उरलेली किनार काढून टाकली आणि रात्री पाट्यावर पाकळ्या वाटायला बसली.